गटातला गट: मैत्री कुठवर, कारभार कुठून



कुणी शेंगा फोडत असाल, कुणी गोधडीला टाके घालत असाल, कुणी गटाच्या शेडमध्ये मोबाईलवर रेडिओ लावून बसल्या असाल. हात चालू ठेवा, कान तेवढा इकडे द्या.

मागच्या भागात आपण गटाच्या वह्या कशा लिहायच्या ते बघितलं. त्यावर बरेच निरोप आले. त्यातला एका मावशींचा निरोप आम्हाला लागला. त्या म्हणाल्या, "ताई, वह्या आमच्या चोख आहेत. पण गटात दोन गट पडलेत. त्याची वही कुठली?"

आजचं बोलणं त्या मावशींसाठी आहे. आणि खरं सांगायचं तर आमच्यासाठीही आहे, कारण आमच्याच गटात हे झालं, आणि त्यात आमचा हात होता. ते सांगणारच आहोत. पण आधी थोडं मुळापासून बोलू.

संस्था किती तऱ्हेच्या

चार माणसं एकत्र येऊन एखादं काम करतात, कामाची वाटणी करतात, की झाली संस्था. मग ती कागदावर असो नाहीतर नुसती तोंडी असो.

लग्नघर आठवा. भावकीतल्या, शेजारच्या बाया येतात. कुणी तांदूळ निवडायला बसते, कुणी पुरणाकडे बघते, म्हातारी आजी एका जागी बसून सगळ्यांना हुकूम सोडते. कुणी कुणाला नेमलेलं नसतं, कुणी सही केलेली नसते, तरी पाचशे पान जेवून उठतं. ही अनौपचारिक संस्था. नात्यावर आणि विश्वासावर चालते. दोन दिवसांच्या कामाला ती पुरते.

पण दूध डेअरी अशी चालेल का? रोज सकाळ-संध्याकाळ दूध मोजायचं, फॅट लावायचं, दहा दिवसांनी पैसे वाटायचे. तिथं आजीचा हुकूम चालत नाही. तिथं नोंद लागते, नियम लागतो, नेमलेला माणूस लागतो. ही औपचारिक संस्था.

औपचारिक संस्थांमध्येही प्रकार आहेत. आपला संबंध येतो तेवढे बघू.

पहिला आपला बचत गट. साधारण १० ते २० बायांचा. गटाची नोंदणी कायद्याखाली करावीच लागते असं नाही, पण ठराव करून बँकेत खातं उघडलं जातं आणि बँक त्या ठरावावर कर्ज देते. नाबार्डनं १९९२ साली गटांना बँकेशी जोडायचं काम सुरू केलं, तेव्हा सुरुवातीला ५०० गटांचंच उद्दिष्ट होतं. २०११ साली राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियान आलं. आपल्या राज्यात आपण त्याला 'उमेद' म्हणतो. त्यात गटांचा गावपातळीवर ग्रामसंघ आणि त्याच्यावर प्रभागसंघ अशी उतरंड बसली. महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, त्याच्याही आधीपासूनचं, १९७५ सालचं.

दुसरा प्रकार सहकारी संस्था. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखाली तिची नोंदणी होते. शेअर कुणाचे कितीही असोत, मत प्रत्येकाला एकच. तिसरा प्रकार नोंदणीकृत संस्था आणि ट्रस्ट. शाळा, वाचनालय, सेवाभावी काम यांना तो सोयीचा. तिथं नफा वाटून घेता येत नाही. चौथा प्रकार उत्पादक कंपनी. दहा किंवा जास्त उत्पादक मिळून ती काढता येते. हळद, डाळ, दूध असा माल मोठ्या बाजारात न्यायचा असेल तर ती कामाची. पाचवी मालकाची कंपनी, जिथं पैसा मालकाचा आणि शब्दही मालकाचा. आणि सहावी सरकारी संस्था. आपली ग्रामपंचायत त्यातली.

नावं लक्षात राहिली नाहीत तरी चालेल. कुठल्याही संस्थेत पाय ठेवताना चार गोष्टी विचारा. सभासद कोण? निर्णय कोण घेतं आणि कुठं बसून घेतं? हिशेब कोण लिहितं आणि कुणाला बघता येतो? आणि अन्याय झाला तर दाद कुणाकडे मागायची? ज्या संस्थेत या चारही प्रश्नांची उत्तरं लिहिलेली सापडतात, ती औपचारिक संस्था.

मुंबईच्या गिरगावात १९५९ साली सात बायांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातूनच लिज्जत पापड उभं राहिलं. त्या सातजणी एकाच चाळवस्तीतल्या, ओळखीतल्या होत्या. पुढं संस्था वाढली तेव्हा नुसत्या ओळखीवर भागलं नाही. १९६६ साली संस्थेची नोंदणी झाली. सकाळी पीठ घ्यायचं, घरी लाटायचं, दुसऱ्या दिवशी पापड आणून द्यायचे, ते तपासले जायचे आणि मजुरी मिळायची. ओळखीच्या बाईचा पापड जाड आला तरी तो जाडच. शेजारणींच्या ओळखीतून सुरू झालेलं काम टिकलं ते या शिस्तीमुळं.

गटातला गट कसा होतो

आता मुद्द्यावर येऊ. कागदावरच्या संस्थेच्या पोटात एक बिनकागदाची संस्था आपोआप तयार होते. एका आळीतल्या बाया एकत्र चालत येतात. एका गावच्या माहेरवाशिणी एकमेकींना धरून राहतात. नात्यातल्या, जातीतल्या, एका वयाच्या, एका देवाच्या वारीला जाणाऱ्या बाया डबा खायला एकत्र बसतात. कुणी मुद्दाम करत नाही. पाणी उताराकडे जातं तसं हे होतं.

त्यात चांगलंही पुष्कळ आहे. बाई आजारी पडली तर तिचं काम दुसरी उचलते. सासू बोलली, नवरा प्यायला, तर मन मोकळं करायला जागा मिळते. नवीन बाईला जे नियमाच्या वहीत सापडत नाही ते मैत्रीण शिकवते. आम्ही स्वतः गटात आलो त्या एका शेजारीण काकूंचं बोट धरून. तेव्हा मैत्री वाईट, असं आम्ही सांगणार नाही. मैत्री जेव्हा कारभारात हात घालते तेव्हा काय होतं, ते सांगणार आहोत.

आमचा गट बारा जणींचा. उन्हाळ्यात आम्ही चटणी करतो. मिरची आणायची, वाळवायची, देठ काढायचे, मसाला भाजायचा, डंकावर कुटून आणायची, पाकिटं भरायची. अध्यक्ष एका आळीतल्या, सचिव आणि कोषाध्यक्ष आमच्या आळीतल्या. मंगळवारी बैठक. पंचसूत्री पाठ: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, वेळच्या वेळी हिशेब. तालुक्याला आमच्या गटाचं नाव निघायचं.

बारातल्या पाचजणी आम्ही एका आळीतल्या. एकत्र यायचो, एकत्र जायचो, लिंबाखाली एकत्र डबा खायचो. व्हॉट्सअ‍ॅपवर गटाचा एक ग्रुप होता, आणि आमच्या पाचजणींचा वेगळा होता. आम्ही गटाच्या समन्वयक. सगळ्यांना सारखं धरायचं हे आमचं काम. तरी आम्ही त्या पाचांत होतो, आणि त्यात काही वावगं आहे असं आमच्या मनातही आलं नाही.

मग गटात एक नवी बाई आली. माळावरच्या वस्तीवरची. नवरा नाही, एक मुलगा दहावीला. तिचं नाव घेत नाही, तिला ते आवडणार नाही.

पहिला तोटा: किती काम करायचं ते कंपू ठरवतो

देठ काढायची मजुरी आमच्याकडे किलोमागे होती. आम्ही दिवसाला दहा किलो करायचो. ही बाई पंधरा करायची. तिला पैशाची गरज होती आणि हात चपळ होता. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डबा खाताना आमच्यातली एक म्हणाली, "एवढी पळते कशाला? उद्या अध्यक्ष म्हणतील पंधरा किलो सहज होतात, आणि दर कमी करतील." हे तिला सरळ कुणी सांगितलं नाही. टोमणे सुरू झाले. "आली बघा मशीन." तिच्याशी बोलणं कमी झालं. तिच्या वाट्याला ओलसर मिरचीची पाटी जाऊ लागली, तिचे देठ लवकर तुटत नाहीत. महिन्याभरात तीही दहा किलोवर आली. आम्हाला वाटलं, चला, रुळली.

आम्ही बी.ए.ला असताना पुस्तकात एक धडा होता. अमेरिकेत शिकागोजवळ हॉथॉर्न नावाचा टेलिफोनचं सामान बनवणारा कारखाना होता. १९३१-३२ साली तिथल्या १४ कामगारांना एका खोलीत बसवून अभ्यासकांनी महिनोन्‌महिने त्यांचं काम पाहिलं. जास्त कामाला जास्त पैसे होते, तरी कुणी ठरावीक मापाच्या पुढं जाईना. कामगारांनी आपापसात माप ठरवलं होतं. जो जास्त करेल त्याला नावं ठेवायचे, दंडावर गुद्दा मारायचे. जो फार कमी करेल त्यालाही नावं, आणि जो साहेबाला सांगेल त्यालाही. त्या एवढ्याशा खोलीतसुद्धा दोन कंपू होते.

परीक्षेला आम्ही हे लिहिलं, मार्क मिळवले आणि विसरलो. आपल्याच शेडमध्ये तेच चाललंय हे तेव्हा दिसलं नाही. आम्ही गुद्दा मारत नव्हतो, ओल्या मिरचीची पाटी देत होतो, एवढाच फरक.

दर कमी होईल ही भीती खोटी नसते. कधीकधी होतोही. पण त्याचं उत्तर दर लेखी ठरवून भिंतीवर लावणं हे आहे. चपळ हाताच्या बाईचा हात धरून ठेवणं हे नाही.

दुसरा तोटा: निर्णय बैठकीच्या बाहेर होतात

गावाच्या पारावर काय चालतं ते आपल्याला माहीत आहे. चार पुरुष बसतात, तंबाखू मळतात, रस्ता कुठून जाणार ते तिथंच ठरतं. मग ग्रामसभा होते आणि आपण नुसता अंगठा द्यायचा. याचा आपल्याला राग येतो. यायलाच पाहिजे. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असा नियम आपल्या राज्यात आहे, तो याचसाठी.

पण आमच्या गटाचा पारही होताच. तो एका काकूंच्या ओसरीवर होता.

त्या वर्षी मिरची कुणाकडून घ्यायची ते हळदीकुंकवाला ठरलं. आमच्यातल्या एकीचे दीर व्यापारी. "घरचा माणूस आहे, फसवणार नाही." दोनशे किलो मिरची आली. मंगळवारच्या बैठकीत आम्ही फक्त सांगितलं. ठराव मागाहून लिहिला. बाकीच्या सातजणी गप्प बसल्या. मिरची ओलसर होती. उन्हात घातल्यावर वजन भरलं एकशे अठ्ठ्याहत्तर किलो. बावीस किलो पाणीच आम्ही मिरचीच्या भावानं घेतलं होतं. दोनशे रुपये किलोनं चार हजार चारशे रुपये गेले. दिरांना विचारायचं कुणी? विचारलं तर मैत्रिणीला राग. बाजारातल्या अनोळखी व्यापाऱ्याशी आम्ही भांडलो असतो. घरच्या माणसाशी भांडता आलं नाही.

जो फ्रीमन नावाच्या अमेरिकन बाईंनी १९७० साली तिकडच्या स्त्री चळवळीतल्या गटांबद्दल एक भाषण केलं होतं, ते पुढं लेख म्हणून छापलं गेलं आणि गाजलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: आमच्यात कुणी मोठं नाही, नियम नाहीत, सगळ्या सारख्या, असं म्हणणाऱ्या गटातही काहीजणींच्या हातात सत्ता असतेच. नियम नसले की ती लपून राहते, आणि लपलेल्या सत्तेला जाब विचारता येत नाही. तिकडच्या शहरातल्या बायांची ही गोष्ट. पण आमच्या ओसरीला अगदी लागू पडते.

तिसरा तोटा: अफवेला पाय फुटतात

मिरचीचा तोटा झाल्यावर अध्यक्ष बाईंनी बैठकीत सांगितलं की इथून पुढं खरेदी लेखी होईल. आमच्यातल्या दोघींना ते टोचलं. त्या आठवड्यात ओसरीवर बोलणं निघालं, की अध्यक्ष बाई रोज डंकावर जातात, त्यांना डंकवाला काहीतरी देत असणार. 'असणार' म्हणून सुरू झालेलं वाक्य शुक्रवारपर्यंत 'देतो' झालं. रविवारी अध्यक्ष बाईंच्या नवऱ्याच्या कानावर गेलं. सोमवारी बाई राजीनामा लिहून घेऊन आल्या.

पैसे कुणी घेतले नव्हते. डंकाच्या पावत्या नंबरवार लावलेल्या होत्या, आणि त्या आमच्याच कपाटात होत्या. ओसरीवर बसलेल्या पाचांपैकी एकीनंही उठून त्या बघितल्या नाहीत. आम्हीही नाही.

अफवा वाईट मनानंच पसरते असं नाही. जिथं खरी माहिती सगळ्यांना सारखी मिळत नाही, तिथं माणसं रिकामी जागा अंदाजानं भरतात. आणि कंपूत तो अंदाज पाच तोंडांतून फिरून आला की खरा वाटायला लागतो.

चौथा तोटा: आतली आणि बाहेरची

आता जे सांगायचं ते सांगायला आम्हाला जड जातं.

जूनमध्ये आमच्यातल्या एकीला अचानक पैशाची गरज पडली. सचिव आणि कोषाध्यक्ष दोघी आमच्याच. दोघींच्या सहीनं पैसे निघतात. पंधरा हजार काढून दिले. "मंगळवारी वहीत घालू," असं ठरलं. तो मंगळवार आषाढातल्या पावसात गेला, पुढचा कुणाच्या तरी बारशात. वहीत नोंद झाली नाही.

तिसऱ्या मंगळवारी माळावरची ती बाई बैठकीत उभी राहिली. मुलाला आयटीआयला प्रवेश मिळाला होता. फी, राहण्याचा खर्च धरून दहा हजार पाहिजे होते. गटात आल्यापासूनचं तिचं पहिलं कर्ज. कोषाध्यक्ष म्हणाल्या, "एवढे पैसे नाहीत खात्यात." ती खाली बसली नाही. म्हणाली, "मागच्या बैठकीत वही वाचली तेव्हा एकवीस हजार होते."

कुणी बोललं नाही. बाहेर पाऊस लागला होता, पत्र्यावर त्याचा आवाज तेवढा.

ती म्हणाली, "वही खोटी का तुम्ही?"

आमच्याकडे उत्तर होतं. आम्ही सांगू शकलो असतो की अशी अशी चूक झाली, माफ कर, ग्रामसंघाकडून तुझी सोय करू. आम्ही म्हणालो, "पुढच्या मंगळवारी बघू." कारण खरं सांगितलं तर मैत्रीण उघडी पडणार होती. समन्वयक म्हणून तोंड उघडायचं होतं, आणि आळीतली मैत्रीण म्हणून आम्ही ते बंद ठेवलं.

पुढच्या मंगळवारी ती आली ती गट सोडायचा अर्ज घेऊन. प्रवेशाची मुदत संपत होती म्हणून तिनं खाजगी फायनान्सकडून आठवड्याच्या हप्त्यावर पैसे उचलले होते. आठवड्याला पन्नास रुपये अशी ऐंशी आठवड्यांची बचत, चार हजार रुपये आणि व्याजाचा वाटा आम्ही तिला दिला. तिनं सही केली, पैसे मोजले, पिशवी उचलली आणि गेली. शेडपासून माळापर्यंत दोन किलोमीटर आहेत. तिच्याबरोबर चालत जाणारी आमच्यात कुणी नव्हती. वर्षभर ती एकटीच येत-जात होती, हेही तेव्हाच लक्षात आलं.

ते पंधरा हजार पुढं चार महिन्यांत व्याजासकट परत आले. एक पैसा बुडाला नाही. तोटा पैशाचा झालाच नव्हता.

याच्याच जोडीला आणखी एक सांगून ठेवतो. कामाच्या ठिकाणी एखाद्या बाईला पुरुषाकडून लैंगिक त्रास झाला, आणि तो माणूस कुणाच्या तरी भावकीतला निघाला, तर कंपू काय करतो? "जाऊ दे, वाच्यता नको" असं म्हणून तिलाच गप्प करतो. म्हणून २०१३ च्या कायद्यानं दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथं अंतर्गत समिती सांगितली आहे. त्याहून लहान जागी काम करणाऱ्या बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. अशी तक्रार ओसरीवर मिटवायची नसते.

मग आम्ही काय केलं

अध्यक्ष बाईंचा राजीनामा आम्ही घेतला नाही. ग्रामसंघाच्या ताईंना बोलावलं आणि सगळ्या बाराजणींसमोर, म्हणजे तेव्हा अकराजणींसमोर, झालेलं सगळं सांगितलं. एकीला रडू आलं, एक रागानं उठून गेली आणि आठवड्यानं परत आली. त्या बैठकीत जे नियम केले ते तुम्हालाही उपयोगी पडतील.

एक. कर्जाची मागणी फक्त बैठकीत होणार. ठराव लिहून, वाचून, सह्या झाल्याशिवाय बँकेची स्लिप भरायची नाही. अगदीच अडचण आली तर फोनवर सगळ्यांना कळवायचं, नुसतं आपल्या माणसांना नाही, आणि लगेचच्या बैठकीत नोंद करायची.

दोन. पैसे काढणाऱ्या सह्या एका आळीतल्या नकोत. पदाधिकारी निवडताना हे आधी बघायचं, आणि ठरावीक मुदतीनं पदं बदलायची.

तीन. खरेदीला दोन वेगवेगळ्या वस्त्यांतल्या बाया जाणार. तीन ठिकाणचे भाव कागदावर आणणार. ज्या बाईचं नातं आहे ती त्या चर्चेत बोलणार नाही. हा नियम समन्वयकालाही लागू.

चार. कामाचा दर, रोजचं वजन आणि खात्यातली शिल्लक शेडच्या फळ्यावर खडूनं लिहायची. वाचता न येणाऱ्या बायांसाठी बैठकीत मोठ्यानं वाचायची.

पाच. बैठकीच्या शेवटी दहा मिनिटं 'कानावर आलंय' असा विषय ठेवायचा. गटाबद्दल जे काही ऐकलं असेल ते नाव न घेता तिथं सांगायचं आणि तिथंच वही, पावती काढून बघायचं. पहिले तीन आठवडे कुणी बोललं नाही. चौथ्या आठवड्यात चार गोष्टी निघाल्या, चारही वही उघडल्यावर मिटल्या.

सहा. कामाच्या जोड्या दर पंधरा दिवसांनी बदलायच्या. मिरचीच्या पाट्या चिठ्ठी टाकून वाटायच्या.

मैत्री मोडा असा नियम आम्ही केला नाही. तसा नियम चालतही नाही. आम्ही पाचजणी अजूनही बरोबर येतो, बरोबर जातो. आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप अजून आहे. त्यात साड्या येतात, देवदर्शनाचे फोटो येतात, सुनांची गाऱ्हाणी येतात. गटाचा विषय निघाला की कुणीतरी लिहितं, "मंगळवारी." मग आम्ही थांबतो. कधीकधी थांबत नाही, हेही कबूल करतो. सवय जुनी आहे.

आणि ती बाई? ती परत आली नाही. आम्ही दोनदा तिच्या घरी गेलो. पहिल्यांदा तिनं चहा दिला आणि दुसरंच काहीतरी बोलत राहिली. दुसऱ्यांदा आम्ही माफी मागितली. ती म्हणाली, "माझ्या पोराची फी भरली गेली. तुमचं तुम्ही बघा." वस्तीवर आता नवा गट झालाय, त्यात ती आहे. ग्रामसंघाच्या बैठकीला भेटते, विचारलं तेवढं बोलते. आपल्या गटाची वही ती स्वतः लिहिते, आणि दर बैठकीत पहिल्या पानापासून शिल्लक वाचून दाखवते, असं ऐकलं.

ज्या मावशींनी निरोप पाठवला त्यांना आता सांगतो. मावशी, गटातल्या गटाची वेगळी वही नसते. तो मुख्य वहीतच दिसतो. कर्ज कुणाकुणाला मिळालं ती पानं काढा आणि नावापुढं आळी लिहा. मागच्या वर्षात बैठकीत कोण कोण बोललं ते आठवून बघा. कोण एकटी येते आणि एकटी जाते ते बघा. मग कुणाशी बोलायचं ते तुमचं तुम्हाला कळेल.

बाकीच्या मैत्रिणींनो, तुमच्याही पुढच्या बैठकीत एवढं एक काम करा. नेहमी ज्या बाईशेजारी बसता तिच्याशेजारी न बसता दुसऱ्या एकीशेजारी बसा, आणि डबाही तिच्याबरोबर खा. काय झालं ते आम्हाला निरोपानं कळवा.

पुढच्या भागात ग्रामसंघात तक्रार अर्ज कसा लिहायचा ते बघू. वही-पेन जवळ घेऊन बसा.

नमस्कार.